गुंठा, साखळी आणि पिक्सेल : सातपुड्यातील जमिनीचे माप

#थ्रेड

१. चार पिक्सेल म्हणजे किती जमीन? प्रश्न संगणकाचा वाटतो. पण अक्राणी किंवा अक्कलकुव्याच्या डोंगरउतारावर त्याचे उत्तर ‘अर्धा एकर ज्वारी’ असेही असू शकते. छायाचित्रावरून क्षेत्रफळ काढण्याचे तंत्र आणि नंदुरबारमधील वनहक्काचे दावे यांचा हा इतिहास.

२. आरंभ साखळीपासून करू. मुंबई इलाख्याच्या मोजणीत ३३ फुटांची साखळी वापरली जाई. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे मिळून एक एकर. आजही सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहिले जाते, पण बांधावर बोलले जाते ते गुंठ्यांतच.

३. मोजणी ही कधीच निव्वळ भूमिती नव्हती. इंग्रजांनी १८१८ मध्ये खानदेश घेतला. १८५२ मध्ये तेथे सर्व्हे सुरू होताच सावदा, फैजपूर, एरंडोल भागातील शेतकरी विरोधात उभे राहिले. साखळीमागोमाग वाढीव सारा येईल, ही त्यांची धास्ती होती. अखेर सरकारने लष्कर आणून हा विरोध मोडला.

४. शेतात साखळी, तर कागदावर काय? वेड्यावाकड्या आकाराचे क्षेत्रफळ काढण्यासाठी नकाशावर चौकटी आखून त्या मोजत. १८५४ मध्ये याकोब आम्सलर या स्विस गणितज्ञाने ध्रुवीय प्लॅनिमीटर बनवला. त्याची सुई हद्दीवरून एकदा फिरवली, की चाकाच्या फेऱ्यांवरून आतील क्षेत्रफळ कळे.

५. संगणकाने चौकटींचीच जुनी युक्ती पुन्हा उचलली. फक्त चौकट बारीक झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँड यांनी १९८७ मध्ये ‘एनआयएच इमेज’ आणि १९९७ मध्ये ‘इमेज-जे’ ही प्रतिमा-विश्लेषणाची आज्ञावली घडवली. ती मुळात सूक्ष्मदर्शकातील पेशी मोजण्यासारख्या कामांसाठी होती. पानाचे क्षेत्रफळ असो वा नकाशावरील शेत, तिला दोन्ही सारखेच.

६. कृती सोपी आहे. चित्रातील ज्ञात अंतरावर रेघ ओढून ‘इतके पिक्सेल म्हणजे इतके मीटर’ हे प्रमाण ठरवायचे. मग हद्दीवरून बहुभुज काढायचा. आज्ञावली आतील पिक्सेल मोजून त्यांना एका पिक्सेलच्या क्षेत्रफळाने गुणते. मात्र प्रमाण ठरवताना लांबीत ५ टक्के चूक झाली, तर क्षेत्रफळात ती १० टक्क्यांहून अधिक होते, कारण लांबीचा वर्ग होतो.

७. आता सातपुड्याकडे येऊ. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या वनजमिनीवर आदिवासी कुटुंबाला हक्क मागता येतो. कमाल मर्यादा ४ हेक्टर. धुळ्यापासून १ जुलै १९९८ रोजी वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात भिल्ल, पावरा, मावची कुटुंबांसाठी हा जगण्याचाच प्रश्न होता. दावा पडताळताना जुनी उपग्रह-चित्रे उघडली जाऊ लागली.

८. त्या काळातील भारतीय उपग्रहांचे डोळे किती तीक्ष्ण होते? लिस-३ कॅमेऱ्याचा एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरील २३.५ मीटर बाजूचा चौरस : सुमारे साडेपाच गुंठे. मे २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ चा पिक्सेल २.५ मीटरचा. म्हणजे २० गुंठ्यांचे तेच शेत एका चित्रात चार पिक्सेलही भरत नाही, तर दुसऱ्यात ३२० हून अधिक भरते.

९. चार पिक्सेलच्या शेतात जवळजवळ प्रत्येक पिक्सेल हद्दीवरचा असतो : अर्धा शेत, अर्धा जंगल. त्याला ‘जंगल’ म्हणायचे की ‘शेत’, हे संगणकाला कोणीतरी आधी सांगितलेले असते. शेतात महूचे झाड राखले असेल, तर वरून दिसतो तो झाडाचा घेर. खालची ज्वारी नव्हे. चित्र उन्हाळ्यातले असेल, तर कापणी झालेले शेत आणि पडीक माळ सारखेच दिसतात.

१०. उताराचाही एक पेच आहे. चित्र वरून घेतलेले, म्हणून त्यात सपाट क्षेत्र येते. ३० अंशांच्या उतारावर नांगर फिरतो ती जमीन त्याहून सुमारे १५ टक्के जास्त असते. जुना मोजणीदारही उतारावर साखळी आडवी धरूनच मोजत असे. त्यामुळे दोन्ही मापे जुळतात, पण राबणाऱ्याच्या अंदाजाशी दोन्ही जुळत नाहीत.

११. २०१२ च्या सुधारित नियमांनी हे ओळखले. उपग्रह-चित्र इतर पुराव्यांना पूरक ठरू शकते, त्यांची जागा घेऊ शकत नाही, असे त्यांत म्हटले आहे. दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा आहे आणि दाव्याची पहिली छाननी ग्रामसभेचीच.

१२. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यात दोन दप्तरे दिसतात. एक आकाशातून लिहिलेले, दुसरे गावातील म्हाताऱ्यांच्या स्मरणात. दोन्हींत चुका असतात, दोन्ही तपासावी लागतात. पण आकडा दशांशापर्यंत आला म्हणून तो खरा ठरत नाही. तो कोणत्या चित्रावरून, कोणत्या महिन्यातील आणि किती मोठ्या पिक्सेलवरून आला, हे विचारण्याचा हक्क बांधावर उभ्या असलेल्या माणसाला आहे. १८५२ मध्ये त्याच्या पणजोबांना साखळीबद्दल हेच विचारायचे होते.

(समाप्त)