अक्षरांतून अर्थाकडे

संगणकाला अक्षरे दिसतात, अर्थ दिसत नाही. ‘१२३४५’ ही पाच चिन्हे म्हणजे रक्कम, अंतर की खातेक्रमांक, हे त्याला कुणीतरी सांगावे लागते. ते कुणी सांगायचे, या प्रश्नाचा इतिहास मला संगणकभाषांच्या इतिहासातला एक महत्त्वाचा, पण दुर्लक्षित धागा वाटतो.

जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये आयबीएम ७०४ या यंत्रासाठी फोरट्रान भाषा सिद्ध केली. तेव्हा माहिती ८० स्तंभांच्या पंचकार्डांवर छिद्रे पाडून दिली जाई. कोणत्या स्तंभांत कोणता आकडा आहे, हे ‘फॉरमॅट’ या विधानात लिहिलेले असे. ‘एफ५.२’ असे लिहिले, की दशांशचिन्ह नसलेले १२३४५ हे १२३.४५ असे वाचले जाई. मजकूर एका स्तंभाने उजवीकडे सरकला, की त्याचे १२.३४ होई आणि यंत्राला त्यात काही वावगे वाटत नसे.

सत्तरच्या दशकात बेल प्रयोगशाळेत सी भाषा आली. तिच्या ‘स्कॅनएफ’ने स्तंभांची सक्ती संपवली, पण ओळखीच्या प्रकारांची यादी ठरलेलीच राहिली: पूर्णांक, अपूर्णांक, अक्षर, शब्द. प्रोग्रामरने स्वतः घडवलेला ‘दिनांक’ किंवा ‘संमिश्र संख्या’ हा प्रकार तीत घालण्याची सोय नव्हती.

ही उणीव भरून काढली ब्यार्ने स्ट्राउस्ट्रप यांनी. बेल प्रयोगशाळेतच १९७९ मध्ये त्यांनी सुरू केलेले काम पुढे सी प्लस प्लस झाले आणि १९८५ मध्ये ती भाषा बाजारात आली. भाषेने दिलेल्या प्रकारांना जो मान, तोच प्रोग्रामरने घडवलेल्या प्रकारांनाही मिळावा, हा त्यांचा आग्रह. म्हणून मजकूर आत घेणारे ‘>>’ हे चिन्ह प्रत्येक प्रकाराच्या कर्त्याला आपल्यापुरते शिकवता येऊ लागले. ‘(३,४)’ ही अक्षरे कंस आणि स्वल्पविराम ओलांडून थेट एक संमिश्र संख्या होऊ लागली. भलतेच चिन्ह आले, तर वाचनावर अपयशाची खूण पडते; ती तपासायची की नाही, हे मात्र प्रोग्रामरच्या मर्जीवर.

पण ही सोय असूनही काय निसटू शकते, ते नासाच्या ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’च्या अपघातात मला दिसते. यानाच्या छोट्या इंजिनांनी दिलेल्या आवेगाचे आकडे एका फाइलमधून मार्गनिर्धारणाच्या गणितात जात. लिहिणाऱ्या बाजूने ते पाउंड-सेकंदांत लिहिले. वाचणाऱ्या बाजूने ठरल्याप्रमाणे न्यूटन-सेकंदांत वाचले. दोन्हींत ४.४५ पटींचे अंतर. २३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळाच्या नियोजित २२६ किलोमीटरऐवजी सुमारे ५७ किलोमीटर उंचीवर पोहोचले आणि कायमचे हरपले.

यात एकही अक्षर चुकीचे वाचले गेले नव्हते, म्हणून अपयशाची खूण पडण्याचा प्रश्नच नव्हता. ‘आवेग’ असा स्वतंत्र प्रकार घडवून, एकक नसलेला आकडा नाकारण्याचे काम त्याच्या वाचनाला नेमून देता येते. तेवढ्यासाठी नवी भाषा लागत नाही. आकड्याशेजारी एककही लिहिले गेले पाहिजे, एवढी शिस्त लागते. ती लावायची कुणी, हे अजून माणसांनाच ठरवावे लागते.