मोहरमवरचा बहिष्कार आणि ईदचा बदललेला दिवस

शालेय इतिहासाच्या पुस्तकात लोकमान्य टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सव सुरू केला, एवढे वाक्य असते. आमच्या अंजनगाव सुर्जीच्या उर्दू वर्गात ते शिकवताना मी नेहमी थोडा थांबतो. कारण या वाक्याच्या अलीकडे एक पान आहे आणि ते पान मोहरमचे आहे.

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातला मोहरम हा एकट्या मुसलमानांचा राहिलेलाच नव्हता. पुण्यात हिंदू कुटुंबे स्वतःचे ताबूत बसवीत, डोले काढीत. नवस फेडण्यासाठी मुले फकीर होत, कुणी अंगाला रंग लावून वाघ होई. आपल्या वऱ्हाडातही सवारीपुढे ऊद घालणारे आणि पंजाला नारळ वाहणारे हात सगळे मुसलमानांचे नव्हते. धर्मशास्त्राच्या कसोटीवर हे कितपत बसते, हा वाद आपल्यातच आहे व तो जुना आहे. पण शेजारी आपल्या दु:खाच्या दिवशी दारात येऊन उभा राहतो, याचे मोल त्या वादाने कमी होत नाही.

1893 च्या जुलैमध्ये काठेवाडात प्रभास पाटण येथे मोहरमच्या दिवसांत दंगल झाली. तिच्या बातम्यांनी मुंबई तापली आणि 11 ऑगस्टच्या शुक्रवारी तेथे मोठा दंगा उसळला. पाऊणशेच्या आसपास माणसे मेली. मशिदीसमोर वाद्ये वाजविण्यावर सरकारने घातलेली बंधने हिंदूंना पक्षपाती वाटत होती. त्या रागातून 1894 मध्ये पुण्यात प्रचार सुरू झाला की, हिंदूंनी मोहरमात भाग घेऊ नये. प्रचार यशस्वी झाला. त्या वर्षी हिंदूंचे ताबूत व डोले अगदी थोडे निघाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सार्वजनिक गणपती थाटात बसले, मेळे निघाले, लेझीम व काठ्यांचे खेळ झाले आणि शेवटच्या दिवशी मूर्ती एकत्र मिरवत पाण्यावर नेल्या गेल्या. बारकाईने पाहिले तर या मांडणीत मोहरमची चाल ओळखू येते. सण सोडला, पण त्याचा साज बरोबर नेला! त्याच उत्सवात दारूवाला पुलाजवळच्या मशिदीपाशी मेळ्यावरून मारामारी झाली, हेही नोंदवले पाहिजे.

टिळकांना एका रंगात रंगवणे मला मान्य नाही. याच टिळकांनी 1916 च्या लखनौ करारात मुसलमानांच्या स्वतंत्र मतदारसंघांना मान्यता देऊन स्वकीयांचा रोष ओढवून घेतला. परंतु 1894 चा बहिष्कार मागे घेतला गेला नाही. तसा ठराव कुणी केला नव्हता, तेव्हा मागे घेणार तरी कोण? लोक एक वर्ष आले नाहीत, मग सवयच मोडली. बहिष्काराची खरी हानी दंग्यात दिसत नाही, ती पुढच्या पिढीत दिसते. शेजारचा ताबूत कुठे बसतो, हेच त्या पिढीला ठाऊक नसते.

सणावरून संघर्ष करण्याची दुसरी तऱ्हाही महाराष्ट्राने पाहिली आहे. 1926 मध्ये दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांना पूजेचा हक्क मिळावा म्हणून प्रबोधनकार ठाकरे व त्यांचे सहकारी उभे राहिले. डॉ. आंबेडकरही त्या मागणीच्या पाठीशी होते. वर्गणी सर्वांची, मग गाभाऱ्याशी भेद का, असा त्यांचा रोकडा सवाल होता. तेथे धमकी होती, दडपण होते, तरीही ते दडपण आत येण्यासाठी होते. पुण्याचा बहिष्कार बाहेर पडण्यासाठी होता. दोहोंना एकाच मापाने मोजता येणार नाही.

आता भिवंडी. तेथे 7 मे 1970 रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली, ती जळगावपर्यंत पोचली. न्या. मादन आयोगाने तिची चौकशी केली. मिरवणुकीचा मार्ग, मशिदीजवळ उधळला जाणारा गुलाल, घोषणा हे सारे वाद तेथे काही वर्षे साचत आले होते. 1984 मध्ये भिवंडी पुन्हा जळाली. पुढे 1988 पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. सुमारे सत्तर कमिट्या, त्यांत दोन्ही समाजांची माणसे, आणि पुढाऱ्यांपेक्षा यंत्रमागवाले, दुकानदार अशी साधी मंडळी जास्त. नळाचे भांडण, गटाराची तक्रार अशा क्षुल्लक कामांवर त्या बसत, म्हणून सणाच्या दिवशी माणसे एकमेकांना नावाने हाक मारू शकत. 1992-93 मध्ये मुंबईत नऊशे माणसे मेली. भिवंडी शांत राहिली. आपल्याकडे शांतता कमिटी म्हणजे सणाच्या आदल्या आठवड्यात ठाण्यात चहा, असा समज आहे, त्याला भिवंडीने दिलेले हे उत्तर आहे.

सांगली जिल्ह्यातील गोटखिंडीत 1980 पासून गणपती मशिदीत बसतो. अशा बातम्या दरवर्षी छापल्या जातात व आपण कौतुकाने वाचतो. मला मात्र अलीकडची तीन वर्षे अधिक महत्त्वाची वाटतात. 2023 मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आली. मुंबईच्या खिलाफत कमिटीने, जिचा जुलूस 1919 पासूनचा आहे, तो दुसऱ्या दिवशी काढायचे ठरविले. सरकारने 29 तारखेला सुटी दिली. 2024 मध्ये मुंबईतली सुटी 16 वरून 18 सप्टेंबरला गेली. 2025 मध्ये 5 सप्टेंबरची ईद होती, जुलूस 8 तारखेला निघाला.

दरवेळी आपणच का सरकायचे, असा प्रश्न आपल्या तरुणांनी विचारला. प्रश्न रास्त आहे. पण ईद सरकली नाही, सरकला तो जुलूस. दरूद, नमाज, घरची शीर सारे त्याच दिवशी झाले. जुलूस हा रस्त्याचा मामला आहे आणि रस्ता दोघांचा आहे. 1894 मध्ये शेजारी निघून गेले होते, 2023 मध्ये कुणी निघून गेले नाही. मात्र हे सरकणे समाजाने स्वतः बसून ठरविले पाहिजे. वरून हुकूम आला, तर त्याच कृतीचा अर्थ बदलतो. आणि कधीतरी हिशेब उलटाही व्हावा, ही अपेक्षा उघडपणे बोलून दाखविण्यात काही वावगे नाही.

चंद्राचे वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे हा संयोग साधारण बत्तीस-तेहतीस वर्षांनी फिरून येतो. 2026 मध्ये मिलाद ऑगस्टच्या अखेरीस आणि गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला, म्हणजे दोघे एकमेकांपासून दूर. पुन्हा शेजारी येतील तेव्हा आज माझ्यासमोर सहावीच्या बाकावर बसलेली मुले चाळिशी ओलांडलेली असतील.