घोड्याच्या तोबऱ्यातील मांस

घोड्याची चंदी म्हटली की हरभरा डोळ्यांपुढे येतो. परंतु या तृणभक्षक प्राण्याच्या तोबऱ्यात माणसाने मांस, दूध आणि तूपही घातलेले आहे.

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो पांड्यांच्या मुलखात, म्हणजे आजच्या तमिळ किनाऱ्यावर आला. अरबस्तान व इराणकडून दरवर्षी हजारो घोडे तेथे जहाजांनी येत आणि वर्षभरात बहुतेक मरून जात. तेथील लोक घोड्यांना मांस घातलेला भात चारतात, असे तो सांगतो. पुढे थोड्याच काळाने इराणी इतिहासकार वस्साफ याने तुपातील दाण्याचा आणि उकळलेल्या गाईच्या दुधाचा उल्लेख केला. घोडे केवळ या अन्नाने मेले असे नव्हे; दमट हवा आणि निगेतील अज्ञानही होते. पण जे आपणास पौष्टिक ते घोड्यासही पौष्टिक, ही समजूत मायेची असली तरी चुकीची होती.

घोड्याचे खरे बळ त्याच्या मोठ्या आतड्यात आहे. तेथील सूक्ष्म जंतू गवताचे तंतू कुजवून त्यांतून शक्ती निर्माण करतात. पित्ताशय नसूनही बेताचे तूप त्यास पचते. मात्र दुधातील साखर प्रौढ घोड्यास नीट पचत नाही. मांसाची त्याच्या देहास गरजच नाही.

१९०८ साली शॅकल्टन दक्षिण ध्रुवाकडे निघाला, तेव्हा त्याने मांचुरियातील तट्टांसाठी वाळविलेले गोमांस, गाजर, दूध, मनुका व साखर यांचे खाद्य नेले होते. त्या वाटचालीतील चारांपैकी तीन तट्टांना गोळी घालून माणसांनी त्यांचेच मांस खाल्ले. चौथे ७ डिसेंबर १९०८ रोजी बर्फाच्या भेगेत कोसळले, आणि त्याच्यासाठी आणलेला मका उपाशी माणसांच्या भांड्यात शिजला.

गाईंना गुरांच्याच अवशेषांची भुकटी चारल्याने ब्रिटनमध्ये गाईंच्या मेंदूचा रोग फैलावला. तेव्हा १९९६ साली सस्तन प्राण्यांच्या मांस व हाडांची भुकटी सर्व पाळीव शेतजनावरांस, घोड्यांसही, चारण्यास तेथे बंदी झाली.

तोबऱ्यात काय आहे, हे घोडा विचारू शकत नाही. भुकेला प्राणी पुढे येईल ते खातो. त्याचे खाणे म्हणजे संमती नव्हे. म्हणून त्याच्या वतीने तो प्रश्न विचारणे हे मालकाचे कर्तव्य ठरते. ज्यास गवत पुरते, त्याच्यासाठी दुसऱ्या जिवाची हत्या कशाला?