थांबलेल्या गाडीतील ऊब

मोटार थांबली की इंजिनाची ऊबही सरते. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत स्टुअर्ट-वॉर्नर कंपनीची ‘साउथ विंड’ ही पेट्रोलवर जळणारी शेगडी आली. परंतु तिचा धूर इंजिनच ओढून घेई, म्हणून इंजिन बंद होताच तीही विझे. पुढे विजेच्या पंख्याने हे परावलंबन संपविले. फोक्सवॅगन बीटलमध्ये एबरश्पेखर या जर्मन कंपनीची स्वतंत्र शेगडी बसवीत.

तिच्यात ज्योत आणि प्रवाशांची हवा यांमध्ये धातूची केवळ एक भिंत असते. तिला भेग पडली, किंवा धुराची नळी बर्फाने बुजली, तर गंधहीन कार्बन मोनॉक्साइड निजलेल्या माणसाचा प्राण घेतो. म्हणूनच जाणते चालक हिवाळ्यापूर्वी नळी व भिंत तपासून घेतात आणि उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा शेगडी पेटवतात. विसावलेल्या गाडीतही ज्योतीवर नजर ठेवावीच लागते.