वडिलांचा संगणक आणि रिकामी खाच

माझे वडील सातारा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. आज त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. हाताला काही उद्योग हवा म्हणून त्यांनी गावच्या शाळेचा इतिहास लिहावयास घेतला. उद्योग वाटतो तितका साधा नव्हे. जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी जावयाचे, ओसरीवर बसून त्यांना बोलते करावयाचे आणि घरी येऊन तो सगळा मजकूर संगणकावर उतरवावयाचा.

२०१६ साली मी त्यांना एक तयार, आटोपशीर, जेवणाच्या डब्याएवढा संगणक आणून दिला होता. २०२१ च्या पावसाळ्यात वीज कमीजास्त झाली आणि तो बंद पडला. मी तो दुरुस्तीला नेला. कारागिराने झाकण उघडले, आत पाहिले आणि म्हणाला, "सर, याची डिस्क वेगळी निघत नाही. पाटीवरच डाख देऊन बसवलीय. पाटी गेली की सगळं गेलं." एकशेचाळीस पाने गेली. ज्यांच्या आठवणी त्या पानांत होत्या, त्यांपैकी चौघे तोवर वारले होते. वडील मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनी नवी वही घेतली आणि पुन्हा लिहू लागले. दुसरी प्रत काढून ठेवण्याची काळजी मी घ्यावयास हवी होती. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला कागदपत्रे कशी नाहीशी होतात हे दुसऱ्याने सांगावे लागू नये!

मध्यंतरी कोणाचा तरी जुना संगणक त्यांनी वापरला. पण त्यातली विंडोज १० ही प्रणाली. तिला कंपनीकडून मिळणारी नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि पुढची प्रणाली त्या जुन्या यंत्रावर चढेना. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत वडील म्हणाले, "आता असा घे, की एक भाग गेला तर तेवढाच बदलता येईल." भाग सुटे घेऊन जुळवू, असे मी म्हटले. त्यावर त्यांनी मास्तरांचाच प्रश्न विचारला : "पण एका कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या भागात बसतो कसा? कोणी ठरवलं हे?"

वाचकहो, प्रश्न लहान आहे; उत्तर मात्र पन्नास वर्षांचे आहे.

पूर्वी प्रत्येक कारखान्याचे यंत्र त्याच्यापुरते असे. एका सुताराचे चाक दुसऱ्या सुताराच्या आखावर बसू नये, तसा प्रकार. १९७५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका मासिकाने आल्टेअर ८८०० नावाचा, घरी जुळवावयाचा संगणक मुखपृष्ठावर छापला. त्याच्या आत शंभर टोकांच्या खाचा होत्या, आणि त्या खाचांत बसतील अशा पाट्या इतर लोक करू लागले. हौशी मंडळींचा हा खेळ होता. मोठ्या कंपन्यांनी त्याकडे फारसे पाहिले नाही.

सगळ्यांत मोठी कंपनी आयबीएम. तिने फ्लॉरिडातील बोका रेटन येथे एक लहानशी तुकडी बसवली. तिचा प्रमुख डॉन एस्ट्रिज. हाती वेळ सुमारे एक वर्षाचा. एवढ्या वेळात सर्व भाग स्वतः घडविणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी बाजारातले भाग घेतले. मेंदू इंटेल कंपनीचा, ८०८८ नावाचा. कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. चकत्या फिरविणारी यंत्रे टंडन या कंपनीची. १२ ऑगस्ट १९८१ रोजी हा संगणक जाहीर झाला. सर्वांत साध्या नमुन्याची किंमत १,५६५ डॉलर आणि स्मृती अवघी १६ किलोबाइट. आज तुमच्या खिशातल्या फोनने काढलेले एक छायाचित्रही तीत मावणार नाही.

पण त्याच्या पाटीवर पाच खाचा होत्या. आणि कंपनीने एक जाडजूड पुस्तक विकावयास काढले, त्यात यंत्राच्या आतल्या जोडण्यांचे नकाशे छापले होते. उद्देश असा, की इतरांनी या खाचांसाठी पाट्या कराव्यात आणि आपले यंत्र अधिक खपावे. हे औदार्य नव्हे, हा हिशेब होता. यंत्र सुरू होताना जी पहिली आज्ञावली चालते, तिला बायोस म्हणतात, तिचाही मजकूर त्या पुस्तकात छापलेला होता. मात्र त्यावर कंपनीचा लेखाधिकार होता. भाग कोणीही विकत घ्यावेत, पण ही किल्ली आमच्याकडे, असा बेत.

ही किल्ली १९८२ साली टेक्सासमध्ये स्थापन झालेल्या कॉम्पॅक कंपनीने दुसऱ्या वाटेने घडविली. ही गोष्ट शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावी. एका गटाने मूळ आज्ञावली अभ्यासली आणि ती काय काय काम करते एवढेच लिहून काढले. दुसऱ्या गटाने मूळ मजकूर डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. त्याने केवळ त्या वर्णनावरून आपली आज्ञावली नव्याने लिहिली. म्हणजे प्रश्नपत्रिका तीच, उत्तर स्वतःचे, नक्कल नव्हे. कॉम्पॅकने १९८३ या एका वर्षात अकरा कोटी डॉलरांहून अधिक विक्री केली. पुढच्याच वर्षी फीनिक्स नावाच्या कंपनीने अशी आज्ञावली इतर कारखान्यांना विकावयास काढली. मग काय, दार सताड उघडे झाले. एस्ट्रिज यांना हे सारे पुरते पाहावयास मिळाले नाही. १९८५ च्या ऑगस्टमध्ये डॅलस येथील विमान-अपघातात ते गेले.

आयबीएमने दार लावून घेण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. १९८७ साली तिने नव्या घाटाची यंत्रे आणली. त्यांच्या खाचा वेगळ्या, आणि त्या वापरावयाच्या तर कंपनीला शुल्क द्यावयाचे. तेव्हा नऊ प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र आल्या आणि १९८८ साली त्यांनी आपल्या खाचेचे माप जाहीर केले. जुन्या पाट्याही त्या खाचेत बसत. आयबीएमची नवी खाच मागे पडली. २००५ साली तर तिने हा सारा धंदाच लेनोवो या चिनी कंपनीला विकला.

आता तुम्ही म्हणाल, या अमेरिकेच्या भाऊबंदकीशी आमच्या गावाचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो मराठी अक्षराशी आहे. त्या काळचे संगणक इंग्रजी अक्षरे दाखवीत. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि १९८८ पासून पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे गेलेले जिस्ट नावाचे काम म्हणजे एक पाटीच होती. ती संगणकाच्या रिकाम्या खाचेत बसवली, की पडद्यावर देवनागरी उमटे. बोका रेटनच्या मंडळींच्या मनात मराठीचा विचार असण्याचे कारणच नव्हते. त्यांनी फक्त खाच रिकामी ठेवली होती आणि तिचे माप छापले होते. पुढे युनिकोड आले, २००० सालच्या विंडोजमध्ये मराठी अक्षरे आली आणि त्या पाटीची गरज उरली नाही. तरी मध्यंतरीची वर्षे तिने निभावली.

बरे, वडिलांच्या संगणकाकडे येऊ. भाग घेताना मी इतिहास डोळ्यांसमोर ठेवला, आणि चुकाही.

पेटी आणि मुख्य पाटी घेतली ती १९९५ साली इंटेलने जाहीर केलेल्या एटीएक्स मापाच्या कुळातली. स्क्रू कोठे लागावयाचे हे त्या मापाने ठरवून टाकल्यामुळे उद्या पाटी जळाली, तर कोणाचीही दुसरी पाटी याच पेटीत बसेल. मेंदू साधा घेतला, पण चित्र दाखविण्याची सोय त्यातच असलेला. वडिलांना खेळ खेळावयाचे नाहीत, मग चित्रांची वेगळी महाग पाटी कशाला? दुकानदाराने ती घ्यावी म्हणून बराच आग्रह केला. स्मृतीची पट्टी आठ जीबीची एकच घेतली आणि शेजारची खाच रिकामी ठेवली. येथे एक सावधगिरी : सगळेच सगळ्यांत बसते असे समजू नका. स्मृतीच्या दोन पिढ्यांच्या पट्ट्या दिसावयास सारख्या, पण त्यांच्या कापाची जागा वेगळी असते. इंटेलचा मेंदू एएमडीच्या पाटीवर बसत नाही. पावती करण्यापूर्वी पाटीचे नाव लिहून घ्यावे आणि बाकीचे भाग त्याच्याशी ताडून पाहावेत.

पैसे वाचवू नयेत असे मला दोनच ठिकाणी वाटले. एक, वीज पुरविणारा भाग. पेटीबरोबर स्वस्तात मिळतो तो मी घेतला नाही. नावाजलेला वेगळा घेतला, आणि बाहेर युपीएस लावले. दुसरे ठिकाण डिस्कचे. कामासाठी फिरता भाग नसलेली एसएसडी, आणि रोजच्या मजकुराची प्रत ठेवावयास वेगळी, बाहेरून लावावयाची डिस्क. ही दुसरी डिस्क काम झाले की काढून वडील कपाटात, शाळेच्या जुन्या छायाचित्रांशेजारी ठेवतात. पडदा चोवीस इंची, कारण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही बारीक अक्षर त्यांना त्रास देते. कळफलकावर देवनागरी अक्षरांच्या चिकटपट्ट्या आईने लावल्या. 'ळ' तिरका लागला आहे, तो तसाच राहिला.

जुळणी आम्ही गावीच केली. स्क्रू वडिलांनी पिळले, विजेरी मी धरली. एका खाचेवर बोट ठेवून ते म्हणाले, "ही रिकामी का?" मी सांगितले, पुढे लागली तर. त्यांनी मान डोलावली आणि वहीतले पहिले पान टाइप करावयास घेतले. १९५७ सालच्या चौथीच्या मुलांची नावे होती ती. झाकण मी लावावयास गेलो, तर म्हणाले, "राहू दे अजून. सोमवारी शाळेची पोरं येऊन बघून जाऊ देत, मग लाव."