भाता, अंतर आणि चेहरा : जुन्या तसबिरी वाचायच्या कशा?

(धुळे येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



धुळ्यात इतिहासावर बोलायचं म्हणजे जरा दडपण येतं. इतिहासाचार्य राजवाडे याच गावात 31 डिसेंबर 1926 रोजी गेले, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथंच उभं राहिलं. त्या पिढीनं आपल्याला जुना कागद वाचायला शिकवलं. मजकूर तर वाचायचाच, पण कागद कुठला, शाई कुठली, अक्षराचं वळण कोणत्या काळाचं, हेही बघायचं. आज मी एवढंच म्हणणार आहे, की जुना फोटोही असाच वाचावा लागतो.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी माजघराच्या दारावर पणजोबांची तसबीर असेल. पागोटं किंवा टोपी, ताठ मान, मिटलेले ओठ. ती बघून आपण म्हणतो, "पूर्वीची माणसं फार कडक होती बुवा, हसायची नाहीत." आता पणजोबा कडक असतीलही. पण तो निष्कर्ष काढण्याआधी समोरच्या कॅमेऱ्याची साक्ष घेऊ या.

तो कॅमेरा म्हणजे लाकडाच्या दोन चौकटी. पुढच्या चौकटीत लेन्स, मागच्या चौकटीत धूसर काच, आणि दोन्हींच्या मध्ये घड्यांचा भाता. हो, भाताच. लोहाराचा असतो, पेटीचा असतो, तसाच. ही नुसती उपमा नाही. 1940च्या दशकात केरळात आलप्पुळ्याला वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका घरात कॅमेऱ्याचा फाटलेला भाता दुरुस्तीला आला. तिथल्या करुणाकरन यांनी तो करून दिला, आणि पुढं अख्खा कॅमेराच बनवला. तो 'वागीश्वरी' कॅमेरा. देशभरातल्या फोटो स्टुडिओंमध्ये तो पुढं कित्येक वर्षं वापरात होता.

आता हा भाता लांबवायचा कशासाठी? दूरचा डोंगर टिपायचा असेल तर लेन्स आणि काच यांच्यात लेन्सच्या नाभीय अंतराएवढी जागा पुरते. वस्तू जवळ आली की लेन्स काचेपासून लांब न्यावी लागते. चेहरा काचेवर जेवढा मोठा हवा, तेवढा भाता जास्त ताणायचा. हे समरूप त्रिकोणांचं गणित आहे आणि आपल्या मातीला ते नवं नाही. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. तो अभ्यासकांपुढे आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त छायाव्यवहार नावाचं प्रकरणच आहे : दिवा, शंकू आणि त्याची सावली यांची अंतरं काढायची. आणि गंमत बघा, 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिच्यात हेच भाऊ दाजी होते आणि त्यांचे बंधू नारायण दाजीही होते. सावलीचं गणित उजेडात आणणारे आणि छायाचित्राची कला रुजवणारे एकाच घरातले!

आता थोडा हिशोब करू. घाबरू नका, तोंडी होण्यासारखा आहे. चेहरा साधारण नऊ इंच उंच धरा. काचेच्या प्लेटवर तो तीन इंचांचा हवा, म्हणजे एक तृतीयांश. लेन्स बारा इंचांची असेल तर भाता सोळा इंच लागतो आणि माणूस लेन्ससमोर चार फुटांवर बसवावा लागतो. आणि इथंच घोटाळा होतो. चार फुटांवरून नाक पुढं येतं, कान मागं पडतात, चेहरा फुगल्यासारखा दिसतो. चेहऱ्याची ठेवण कशी दिसेल हे कॅमेरा किती लांब उभा आहे त्यावर ठरतं, लेन्सच्या किमतीवर नाही. सहा-सात फुटांवरून तोच चेहरा शांत आणि भारदस्त दिसतो.

मग मोठी लेन्स घ्या की! घ्या. चोवीस इंचांची घेतली तर माणूस आठ फुटांवर जातो, पण भाता लागतो बत्तीस इंच. घडीच्या, प्रवासी कॅमेऱ्याला एवढा भाता कुठून आणणार? शिवाय तो मधे झोळ खातो, वाऱ्यानं हलतो. खानदेशच्या उन्हाळ्यात कातडं वाळून घडीच्या कोपऱ्यांवर बारीक भोकं पडली तर प्लेटवर धुकं येतं. अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत दिवा धरून ती भोकं शोधावी लागतात.

पूर्ण आकृतीची तसबीर घेतली तर मात्र हा त्रास होत नाही. तीच बारा इंची लेन्स, माणूस बारा फुटांवर, आणि भाता जेमतेम एक इंच वाढवायचा. खुर्ची, तिपाई, फुलदाणी, मागं रंगवलेला पडदा, हे सगळं चौकटीत येतं त्यात हौस आहेच. पण असं अंतर ठेवणं कॅमेऱ्यालाही सोयीचं होतं.

फक्त चेहराच हवा असेल तर? त्यावर 1891 साली तोड निघाली. लंडनला टॉमस डॅलमायर, म्युनिकला स्टाइनहाइल आणि बर्लिनला मीठं, तिघांनी साधारण एकाच वेळी टेलिफोटो लेन्स पुढं आणली. कल्पना त्याहून जुनी. दुर्बिणीसाठी पीटर बार्लो यांनी 1830च्या दशकातच अंतर्वक्र भिंग वापरून प्रतिमा मोठी करून दाखवली होती. डॅलमायर यांची जोडणीही तशीच : नेहमीच्या लेन्सच्या मागं एक अंतर्वक्र भिंग. 1896 मध्ये त्यांनी बर्गहाइम नावाच्या चित्रकारासाठी याच तत्त्वावर खास व्यक्तिचित्रांची, किंचित मऊ प्रतिमा देणारी लेन्स केली. आज तुम्ही ज्याला टेलिकन्व्हर्टर म्हणता, तो याच घराण्यातला.

आता हिशोब परत मांडू. तीच बारा इंची लेन्स, मागं दुप्पट करणारा कन्व्हर्टर, समजा उणे आठ इंची. माणूस सात फुटांवर, चेहरा प्लेटवर तीन इंच, आणि भाता? फक्त अठरा इंच. बत्तीसच्या जागी अठरा!

पण फुकट काहीच मिळत नाही. प्रतिमा दुप्पट केली की उजेड चौपट क्षेत्रावर पसरतो, म्हणजे चौपट वेळ. त्यात जवळ फोकस केल्याची भर घातली की साडेपाच पटीच्या आसपास जातं. उघडझाप एक सेकंदाची असेल तर ती साडेपाच सेकंद होते.

इथं मी स्वतः फसलोय. जुना लाकडी कॅमेरा आणि कन्व्हर्टर घेऊन आत्याचा फोटो काढायला बसलो. ओसरीवर उजेड छान होता. फूटपट्टीनं भाता मोजला, अठरा भागिले बारा, त्याचा वर्ग सव्वादोन, आणि तेवढाच वेळ दिला. साध्या लेन्सला हा नियम बरोबर लागू पडतो. कन्व्हर्टर लावल्यावर भात्याची लांबी खोटं बोलते, कारण आखूड भात्यात लांब लेन्स लपलेली असते. आधी कन्व्हर्टरचे चार पट धरायचे, मग मूळ लेन्ससाठी जवळच्या फोकसची वाढ लावायची. मी ते केलं नाही. प्लेट निम्म्याहूनही कमी उजेडाची निघाली. डोळे दिसतात, लुगड्याचा काठ गेला. आत्या म्हणाली होती, "पुन्हा काढ की रे, मी कुठं जातेय?" पुन्हा बसायचं राहून गेलं. आता ती नाही. ती पातळ निगेटिव्ह तेवढी आहे.

तेव्हा पणजोबांकडे परत या. कित्येक सेकंद न हलता बसायचं, डोकं हलू नये म्हणून कधी मागं लोखंडी टेकूही असायचा. हसू एवढा वेळ टिकत नाही, ते थिजतं. मिटलेले ओठ मात्र टिकतात. ज्याला आपण करारीपणा म्हणतो, त्यातला काही भाग प्लेटच्या मंदपणाचा आणि भात्याच्या लांबीचा आहे. कॅमेरा अदबीनं दूर उभा राहिला आणि माणूस त्याच्यासाठी थांबला, या दोन गोष्टींतून ती तसबीर झाली.

आपल्या भागात या कलेच्या खुणा कमी नाहीत. अजिंठ्याची चित्रं उतरवणारा मेजर रॉबर्ट गिल पुढं छायाचित्रणाकडे वळला. 1866 च्या आगीत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्याची रंगवलेली चित्रं जळाली. तो 1879 साली गेला आणि त्याला भुसावळला पुरलं. आणि चाळीसगावचे केकी मूस! जन्म 2 ऑक्टोबर 1912, मुंबईचा. इंग्लंडमध्ये शिकून आले आणि स्टेशनजवळच्या घरात स्वतःला जवळजवळ कोंडून घेऊन पुढची काही दशकं राहिले. टेबलावर चिमुकली दृश्यं मांडून त्यांनी टिपलेली छायाचित्रं जगभर गेली. कॅमेरा कोणताही असो, वस्तू मूळ आकाराएवढी टिपायची तर लेन्स दुप्पट लांब आणि उजेड चौपट लागतो. उंबरा न ओलांडणाऱ्या या माणसानं अंतराचा अभ्यास घरातल्या टेबलावर केला. त्यांचा मृत्यूही 31 डिसेंबरचाच, 1989 सालचा. त्यांचं घर कलादालन म्हणून जपलेलं आहे, जाऊन बघा.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. गावोगावचे जुने स्टुडिओ बंद होतायत, काचेच्या निगेटिव्ह भंगारात जातायत. घरी असतील तर कडेला धरून उचला, प्रत्येक काच वेगळ्या कागदात ठेवा, उभी ठेवा. आणि मग बघा : बुबुळात खिडकी दिसते का, कान धूसर आणि डोळे स्पष्ट आहेत का, कडेवरच्या पोराचा हात हललाय का. उजेड कुठून आला, कॅमेरा किती लांब होता, वेळ किती दिला, हे त्या चेहऱ्यावरच लिहिलेलं असतं. दप्तर तेही आहे. ते वाचणारं माणूस घरात असेपर्यंतच तसबिरीतल्यांची नावं मागं लिहून ठेवा, पेन्सिलनं.

 आता प्रश्न विचारा.