‘स्ट्रीट, लंडन’ ते एक्स.कॉम : आखूड नावांच्या बाजाराचं कूळ

१८८५ साली लंडनच्या चॅन्सरी न्यायालयात एक दावा आला. कॉर्नहिल भागातल्या ‘स्ट्रीट आणि कंपनी’ या पेढीला परदेशातून येणाऱ्या तारांवर पूर्ण पत्ता नसे. ‘स्ट्रीट, लंडन’ एवढे दोन शब्द पुरायचे. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. मग ‘युनियन बँक ऑफ स्पेन अँड इंग्लंड’ या बँकेने पोस्ट खात्याशी संधान बांधलं आणि ‘स्ट्रीट, लंडन’ असा पत्ता असलेल्या परदेशी तारा आपल्याकडे आणून द्यायची सोय करून घेतली. पेढी कोर्टात गेली. नाव आमचं, वहिवाट आमची, आता आमच्या तारा दुसऱ्याच्या दारात पडणार, तेव्हा बँकेला मनाई करा, ही मागणी. कोर्टाने मनाई हुकूम दिला नाही. बँक काही पेढीचा धंदा पळवायला निघालेली नव्हती, आणि गैरसोय कितीही झाली तरी तेवढ्यावरून त्या दोन शब्दांवर पेढीची मालकी ठरत नव्हती.

इंटरनेटवरच्या डोमेन नावांचे तंटे वाचता वाचता मी या निकालापर्यंत पोचलो, आणि तेव्हापासून एक गोष्ट मला पक्की वाटू लागली. दोन-तीन अक्षरी डोमेन नाव लाखो डॉलर मोजून घेण्याचा, सांभाळून ठेवण्याचा आणि पुढे विकण्याचा जो धंदा आज चालतो, त्याचं कूळ संगणकाच्या प्रयोगशाळेत नाही, तारघरात आहे.

नेहमी सांगितली जाणारी हकीकत चार ओळींत आटोपते. इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या अर्पानेट या जाळ्यावरच्या यंत्रांची नावं आधी एकाच यादीत असत आणि ती यादी कॅलिफोर्नियात एलिझाबेथ फाइनलर यांच्या कचेरीतून निघे. यादी आवरेना, म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन पद्धत मांडली. १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स.कॉम हे पहिलं डॉटकॉम नाव नोंदलं गेलं. सप्टेंबर १९९५ पर्यंत नोंदणी फुकट होती, मग दोन वर्षांना १०० डॉलर पडू लागले. हे सगळं खरं आहे. पण नाव कसं जन्मलं एवढंच यातून कळतं. नावाला बाजारभाव का आला, ते कळत नाही.

त्याचं उत्तर बहुतेक जण जमिनीत शोधतात. डोमेन म्हणजे मोक्याचा प्लॉट, रस्त्याला लागून असलेला, नवीन निघणार नाही असा. हा सिद्धांत लोकप्रिय आहे, कारण तो गुंतवणूकदाराला सुखावतो. पण तो टिकत नाही. जमीन एकदा खरेदीखत करून घेतली की आपली. डोमेन कुणाचंच होत नाही, ते दर साली पैसे भरून आपल्या नावावर ठेवावं लागतं. पैसे चुकले की उलटी गिनती सुरू होते. डॉटकॉमच्या बाबतीत मुदत उलटल्यावर रजिस्ट्रार, म्हणजे नाव नोंदवून देणारी कंपनी, जास्तीत जास्त ४५ दिवस थांबू शकतो. नाव काढून टाकलं की ३० दिवसांचा विमोचन काळ लागतो. त्यात जुना धनी जबर दंड भरून ते परत मिळवू शकतो. त्यानंतरचे ५ दिवस कुणीच काही करू शकत नाही. आणि मग एका क्षणी नाव मोकळं होतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा दुपार असते, आपल्याकडे मध्यरात्रीचा सुमार. त्या क्षणासाठी यंत्रं टपून बसलेली असतात. एकेका कंपनीने शेकडो रजिस्ट्रार परवाने घेऊन ठेवलेले आहेत, कारण प्रत्येक परवान्यामागे केंद्रीय नोंदवहीवर टकटक करण्याचा कोटा ठरलेला असतो. चांगलं चार अक्षरी नाव सुटलं तर सेकंदाच्या आत उचललं जातं. अशी कुठली जमीन असते?

तारेचा पत्ता मात्र नेमका असाच होता. ब्रिटनमध्ये १८७० पासून २० शब्दांना एक शिलिंग दर होता आणि पत्त्याचे शब्द त्यात धरत नसत. १८८५ च्या ऑक्टोबरात दर उतरला, १२ शब्दांना सहा पेन्स. पण आता पत्त्याचाही शब्दन् शब्द मोजला जाऊ लागला. पेढीचं नाव, गल्ली, घराचा क्रमांक लिहीत बसलं तर निम्मे शब्द तिथेच संपायचे. म्हणून व्यापाऱ्यांनी वर्षाला एक गिनी भरून एकशब्दी पत्ते नोंदवायला झुंबड केली. एका गावात एक शब्द एकाच पेढीला, आधी येईल त्याला, दरवर्षी शुल्क. ‘सेल्स डिरेक्टरी’ नावाची जाडजूड सूची निघू लागली, शब्दावरून पेढी आणि पेढीवरून शब्द शोधण्यासाठी. डोमेनच्या व्यवहारातली सगळी कलमं इथे हजर आहेत. आखूडपणाला पैशांत किंमत येण्याचं कारणसुद्धा इथेच उघडं दिसतं : शब्द वाचला की पैसा वाचायचा.

आपल्याकडे ही पद्धत तारखात्याबरोबर आली आणि रुजली. १८७० मध्ये मुंबई समुद्री तारेने एडन आणि सुएझमार्गे लंडनला जोडली गेल्यावर कापसाच्या व्यापाऱ्याला शब्दागणिक खर्च म्हणजे काय ते चांगलंच कळलं. जुन्या गिरण्यांची, अडत्यांची, औषध कंपन्यांची लेटरहेड पाहा. कोपऱ्यात ‘तार :’ किंवा इंग्रजीत ‘ग्रॅम’ असं छापून पुढे अवतरणात एकच शब्द असतो. कुणी पेढीच्या नावाचे तुकडे जुळवलेले, कुणी कुलदेवतेचं नाव घेतलेलं.

आणि हे शब्द नुसते पत्ते राहिले नाहीत, काही वेळा त्यांनी धन्याचं नावच खाऊन टाकलं. आंतरराष्ट्रीय पोलीस संघटनेने १९४६ मध्ये ‘इंटरपोल’ हा शब्द तारेसाठी घेतला आणि १९५६ मध्ये तो संघटनेच्या अधिकृत नावात शिरला. ऑक्सफर्डच्या दुष्काळ निवारण समितीचा तारेचा पत्ता होता ‘ऑक्सफॅम’. १९६५ मध्ये समितीने तेच आपलं नाव केलं. आज एखादी कंपनी हाती लागलेल्या डोमेनवरून स्वतःचं नाव बदलते तेव्हा लोकांना ती या काळाची विकृती वाटते. ती निदान साठ-सत्तर वर्षं जुनी रीत आहे.

दुसरा प्रतिस्पर्धी सिद्धांत वकिलांचा आहे. त्यांच्या मते डोमेन हे ट्रेडमार्कचं अपत्य. त्यांच्या बाजूला वजनदार निकाल आहेत. १९९८ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने ‘वन इन अ मिलियन’ या कंपनीला दणका दिला, कारण तिने मार्क्स अँड स्पेन्सरसारख्या बड्या पेढ्यांची नावं आधीच नोंदवून ठेवली होती. ‘स्ट्रीट’ खटल्यानंतर ११३ वर्षांनी त्याच देशात वारं फिरलं. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफच्या बाजूने ‘रॅडिफ.कॉम’ला मनाई केली आणि डोमेन हा निव्वळ पत्ता नाही, त्याला व्यापारी मोल आहे, हे मान्य केलं. त्याच वर्षी अमेरिकेने दुसऱ्याची नावं बळकावण्याविरुद्ध कायदा केला आणि जगभरासाठी तंटा-निवारणाची सामायिक पद्धतही ठरली.

पण कोर्टाने एखाद्या गोष्टीला संरक्षण दिलं म्हणजे ती गोष्ट कोर्टात जन्मली असं होत नाही. ट्रेडमार्क एकच शब्द साबणवाल्याला आणि सायकलवाल्यालाही देतो, धंदे वेगळे असले म्हणजे झालं. तारेचा पत्ता आणि डोमेन दोघंही एका गावात एक शब्द एकालाच देतात. शिवाय ज्या तीन अक्षरांना काहीच अर्थ नाही, ज्यांवर कुणाचीच छाप नाही, त्यांनाही भाव असतो. डॉटकॉममध्ये दोन अक्षरांच्या जोड्या ६७६, तीन अक्षरांच्या १७,५७६, चार अक्षरांच्या ४,५६,९७६. हा भाव निव्वळ आखूडपणाचा आहे, आणि ते मोल तारघराने शिकवलेलं आहे.

माझ्या बाजूचा सगळ्यांत घट्ट पुरावा मात्र चार अक्षरांच्या बाजारात मिळतो. तिथे सगळ्या नावांना सारखी किंमत नाही. व्यंजन-स्वर-व्यंजन-स्वर अशा घडणीची, म्हणजे तोंडाने उच्चारता येणारी नावं वरच्या दराने जातात. पाच स्वर आणि एकवीस व्यंजनं धरली तर अशी नावं ११,०२५ भरतात. आता १९०३ च्या लंडनच्या तार परिषदेकडे या. कोशात नसलेला, बनवलेला शब्दसुद्धा तारेत एक शब्द म्हणून चालेल असं तिथे ठरलं. अटी दोन : दहा अक्षरांच्या आत हवा आणि उच्चारता यायला हवा. सांकेतिक कोशवाल्यांनी लगेच पाच-पाच अक्षरांचे उच्चार्य शब्द रचले, म्हणजे दोन जोडून एकाचे पैसे भरता येतील. १९०६ चा बेंटलीचा कोश असाच होता. अर्थ नको, उच्चार हवा, लांबी कमीत कमी हवी : डोमेनच्या व्यापाऱ्याची ही त्रिसूत्री तार परिषदेची आहे.

चीनमध्ये हिशोब वेगळा आहे. २०१५ च्या सुमारास चिनी पैसा या बाजारात ओतला गेला तेव्हा पाच स्वर आणि ‘व्ही’ ही अक्षरं नसलेली नावं एकदम महाग झाली. तिथे नाव म्हणजे चिनी शब्दांच्या रोमन आद्याक्षरांची जुळणी, आणि ती आद्याक्षरं बहुतेक व्यंजनंच असतात. अंकी नावांत ८ चढा आणि ४ पडेल, कारण ४ चा उच्चार मृत्यूच्या शब्दाजवळ जातो. त्यावरून कुणी म्हणेल की चिनी शाखा टेलिफोनची आहे. नेटईज या कंपनीचं १६३.कॉम हे नाव तर इंटरनेट जोडणीसाठी फिरवायच्या १६३ या क्रमांकावरूनच आलं. मला हे अर्धंच पटतं. १८७० च्या दशकापासून चिनी तार प्रत्येक चित्राक्षराला चार आकडे देऊन पाठवली जात होती. आकड्यांतून शब्द वाचण्याची सवय त्या देशाला टेलिफोनच्या आधी तारेने लावली, असं माझं ठाम मत आहे.

आता अवघड प्रश्न. मोकापेट्रिस किंवा डोमेन पद्धत घडवणारे त्यांचे सहकारी जॉन पोस्टेल यांनी तारखात्याची नियमावली समोर ठेवून काम केलं, असं मी म्हणत नाही. त्यांच्यापुढे यंत्रांचा प्रश्न होता. मग वारसा आला कुठून? माझ्या मते टेलेक्समधून, म्हणजे टंकलेला मजकूर एका कचेरीच्या यंत्रातून थेट दुसरीच्या यंत्रात पाठवणाऱ्या सेवेतून. टेलेक्स यंत्राला ओळख विचारली की ते क्रमांक, धन्याचं आखूड केलेलं नाव आणि शेवटी देशाची अक्षरं परत पाठवायचं. भारताची अक्षरं होती ‘आय-एन’. आधी नाव, मग ‘इन’. १९८९ मध्ये भारताला डॉटइन मिळालं ते देशांच्या दोन अक्षरी आंतरराष्ट्रीय यादीतून, हे खरं. पण ज्या कचेऱ्यांनी नव्वदीच्या दशकात डोमेन घेतली, त्यांच्या लेटरहेडवर आखूड नावामागे देश लावायची रीत आधीच छापलेली होती. अभियंत्यांनी पद्धत केली, व्यापाऱ्यांनी त्यात आपली जुनी सवय भरली.

एक गोष्ट मात्र तारेच्या जमान्यात नव्हती. ‘लक्ष्मी, मुंबई’ आणि ‘लक्ष्मी, कलकत्ता’ या दोन वेगळ्या पेढ्या सुखाने नांदू शकत. डोमेनमध्येही गावं आहेत, डॉटइन, डॉटनेट, डॉटऑर्ग. पण सगळ्यांना एकाच गावात घर हवं झालं, डॉटकॉममध्ये. तिथून किमती वेड्या झाल्या. पोस्टेल यांनी १९९३ मध्ये एकाक्षरी नावं राखून ठेवली, आधी दिलेली तेवढी सुटली, आणि डॉटकॉममध्ये क्यू, एक्स, झेड ही तीनच उरली. झेड.कॉम २०१४ मध्ये निस्सानकडून जपानच्या जीएमओने ८० कोटी येनला घेतलं. एक्स.कॉम इलॉन मस्क यांनी १९९९ मध्ये मिळवलं, पेपालबरोबर ते हातचं गेलं, २०१७ मध्ये त्यांनी ते परत विकत घेतलं आणि २०२३ मध्ये ट्विटरवर चढवलं. एफबी.कॉमसाठी फेसबुकने २०१० मध्ये अमेरिकन शेतकऱ्यांच्या फार्म ब्युरो संघटनेला ८५ लाख डॉलर दिले. ३६०.कॉम २०१५ मध्ये व्होडाफोनकडून १ कोटी ७० लाख डॉलरला चीनच्या छीहू कंपनीकडे गेलं.

या आकड्यांना भुलून जे आज आखूड नावांत पैसे घालतात त्यांनी तारेच्या पत्त्याचा शेवट विसरू नये. ‘स्ट्रीट, लंडन’साठी एकेकाळी कोर्टकचेरी झाली. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली तेव्हा मुंबईच्या पेढ्यांनी जपलेल्या त्या एकशब्दी पत्त्यांना बाजारात काहीही किंमत उरलेली नव्हती. नावाचं मोल नावात नसतं, ते ज्या तारेवरून धावतं तिच्यात असतं. डॉटकॉमची तार अजून चालू आहे आणि बराच काळ चालेल असं मला वाटतं, पण दुसऱ्याच्या पेढीचं नाव उचलून बसायचे दिवस १९९९ मध्येच संपले.

वाचकांना एक विनंती. घरात किंवा दुकानाच्या माळ्यावर १९५०-६० ची लेटरहेड, बिलबुकं, लिफाफे पडले असतील तर रद्दीत घालू नका. ‘तार :’ पुढचा शब्द, गाव आणि साल एका वहीत उतरवून ठेवा. मुंबई, पुणे, सोलापूर, पणजी इथल्या व्यापाऱ्यांनी स्वतःसाठी कोणते शब्द निवडले, याची यादी अशा कागदांतूनच तयार होईल.